विजयदिनी राहिलेला हिशेब

आज १६ डिसेंबर. १९७१ साली याच दिवशी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली, सुमारे ९३ हजार युद्धबंदी भारताच्या हाती आले आणि बांगलादेश या नव्या राष्ट्राच्या जन्मावर शिक्कामोर्तब झाले. हा दिवस अभिमानाचा आहे आणि तो अभिमानानेच पाळला जावा, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु त्याच दिवशी, ढाक्यापासून शेकडो कोस दूर, शकरगढ आघाडीवर बसंतर नदीपलीकडे जरपाल गावाजवळ एकवीस वर्षांचा एक अधिकारी आपल्या पेटलेल्या रणगाड्यात मरण पावला. युद्धास तोंड फुटले तेव्हा हा तरुण आमच्या याच नगरात शिकत होता, ही गोष्ट इतरांनी विसरली तरी नगरकरांनी विसरता कामा नये.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे नाव वाचकांस अपरिचित नाही. पुण्यात जन्मलेला हा मुलगा १९७१ च्या जूनमध्ये पूना हॉर्स या पलटणीत रुजू झाला. येथील चिलखती दलाच्या शाळेत त्याचा अभ्यासक्रम चालू असतानाच युद्ध पेटले आणि त्याला आघाडीवर जावे लागले. रणगाडा पेटला असता तो सोडून बाहेर पडण्याची वरिष्ठांची आज्ञा त्याने मानली नाही. तोफ अजून चालते आहे, एवढेच त्याचे कारण होते. त्यास मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. सैन्यातील त्याची सारी नोकरी अवघ्या सहा महिन्यांची! ‘फामागुस्ता’ नावाचा त्याचा तो रणगाडा पुढे दुरुस्त होऊन येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करण्यात आला. ज्या शाळेतून विद्यार्थी अभ्यास अर्धा टाकून गेला, त्याच शाळेत त्याचा रणगाडा परत यावा, यावर अधिक काय लिहावे? आम्ही काही वर्षे शिक्षकी पेशात घालविली आहेत. हजेरीपटावरील एखादे नाव मध्येच बंद पडणे म्हणजे काय, हे शिक्षकास वेगळे सांगावे लागत नाही.

या कथेचा उत्तरार्ध मात्र आम्हांस पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा वाटतो. अरुणचे वडील ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल हे मूळचे सरगोध्याचे. फाळणीने ते गाव परदेश झाले. २००१ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, जन्मभूमी एकदा डोळ्यांनी पाहावी म्हणून ते पाकिस्तानात गेले. लाहोरास त्यांची सर्व व्यवस्था ब्रिगेडियर ख्वाजा महंमद नासर या निवृत्त पाकिस्तानी अधिकाऱ्याने केली. आदरातिथ्यात त्याने काही उणे पडू दिले नाही. अखेर निरोपाची वेळ जवळ आली तेव्हा यजमानाने पाहुण्यास सांगितले की, बसंतरच्या लढाईत तुमचा मुलगा माझ्या हातून पडला. नासर त्यावेळी १३ लान्सर्सचे मेजर होते. १३ लान्सर्स आणि पूना हॉर्स या दोन्ही पलटणी १९४७ पूर्वी एकाच सेनेच्या होत्या! तीस वर्षे मनात बाळगलेली ती गोष्ट सांगितल्यावाचून त्या गृहस्थास राहवले नाही, आणि वृद्ध पित्याने ती ऐकून घेतली. आमच्या मते त्या घरी त्या दिवशी जे घडले, ते घडवून आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही परराष्ट्रखात्यात नाही.

याचा अर्थ भारताने शस्त्रे खाली ठेवावीत असा कोणी घेऊ नये. मुलखावर चालून आलेल्या शत्रूस अडविणे हा धर्मच आहे, आणि खेत्रपाल तोफ सोडून बाहेर पडते तर पलटणीवर काय प्रसंग ओढवला असता, हे आम्ही जाणतो. पण युद्ध अटळ मानणे वेगळे आणि युद्ध स्वस्त मानणे वेगळे. आमची तक्रार आहे ती दुसऱ्या वृत्तीविषयी, आणि ती वृत्ती शिकल्यासवरल्या लोकांतच अधिक दिसते, हे खेदाने म्हणावे लागते.

आमच्या जिल्ह्यास तर ही चूक करण्यास जागाच नाही. ज्या अहिल्याबाई होळकरांचे नाव आता या जिल्ह्यास व शहरास लाभले आहे, त्या जामखेड तालुक्यातील चोंडीच्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून त्यांचे पती खंडेराव पडले, तेव्हा बाईंच्या वयाची तिशीही उलटली नव्हती. सती जाण्यास निघालेल्या सुनेस मल्हाररावांनी परोपरीने विनवून मागे फिरविले. म्हणजे आम्ही पत्ता लिहिताना रोज जे नाव लिहितो, ते एका युद्धविधवेचे नाव आहे! मंदिरे, घाट आणि धर्मशाळा यांच्या वर्णनात हे सहज झाकून जाते. बाई शस्त्रसंन्यासिनी नव्हत्या. फौज तुकोजी होळकरांच्या हाती सज्ज होती आणि प्रसंग पडल्यास ती हलत असे. पण १७६७ ते १७९५ या काळात माळव्याच्या रयतेस जी स्वस्थता मिळाली, तिचे मोल त्यांना का कळले असेल याचे एक उत्तर कुंभेरीत सापडते.

त्यापुढचा इतिहास अधिक कडू आहे. १७९५ च्या मार्चमध्ये याच जामखेड तालुक्यात खर्ड्यास निजामाचा पराभव झाला. मराठी सरदारांनी एकत्र येऊन मिळविलेला तो शेवटचा मोठा विजय. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अहिल्याबाई निवर्तल्या. आणि पुढे दहा वर्षेही लोटली नाहीत तोच शिंदे-होळकरांच्या भाऊबंदकीत होळकरांच्याच फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी हा मुलूख लुटून फस्त केला. १८०३-०४ चा नगरचा दुष्काळ जितका आभाळाने आणला, तितकाच, किंबहुना अधिक, लष्करांच्या घोड्यांनी आणला. बाईंच्या माहेरच्या शिवारातील कणसे त्यांच्या सासरच्या स्वारांनी तुडवावीत! मधल्या गोंधळात १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने पेठ आणि किल्ला मिळून चार-पाच दिवसांत घेतला, हे शाळेतील मुलांस पाठ असते. त्या सालच्या जोंधळ्याचा भाव मात्र कोणी विचारीत नाही.

परक्यांच्या युद्धांतही नगरची माणसे गेली. महाराष्ट्रातील कित्येक गावांत चावडीपाशी वा वेशीजवळ एक लहानशी शिळा आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके लोक गेले, पैकी इतके कामास आले, एवढाच इंग्रजी मजकूर. आकडे आहेत, नावे नाहीत. पहिल्या महायुद्धात ७४ हजारांहून अधिक हिंदी सैनिक मेले. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणींनी घोड्यांचे मांस खाऊन दिवस काढले आणि १९१६ च्या एप्रिलमधील शरणागतीनंतर कैदेच्या वाटचालीत त्यांची दैना झाली. घरी राहिलेल्यांनी किंमत चुकविली ती १९१८ साली. सैनिकांच्या जहाजांबरोबर मुंबई बंदरात उतरलेल्या इन्फ्लुएंझाने देशातील एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्यांची तर शिळाही नाही.

दुसऱ्या महायुद्धात ८७ हजार गेले. त्या युद्धातील एक नगरकर आम्हांस येथे मुद्दाम आठवतो. निमजचे नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई, ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीकाठी होते. पुढे गेलेली तुकडी जवळजवळ सारी कापली गेली असता या तेवीस वर्षांच्या माणसाने दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या चढाच्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणले. त्यानंतर एकट्याने शत्रूची मशीनगनची ठाणी निकामी केली. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना या दोन्हींसाठी मिळाला, पण सांगताना लोक दुसरी गोष्ट आधी सांगतात. आम्हांस पहिली आधी सांगावीशी वाटते. युरोपातील ते युद्ध त्यानंतर महिनाभरात संपले.

किल्ल्याविषयी थोडक्यातच लिहितो. या शहराने बोअर युद्धातील कैदी पाहिले, पहिल्या महायुद्धात अडकवून ठेवलेले जर्मन नागरिक पाहिले, आणि १९४२ पासून किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद प्रभृती राष्ट्रनेतेही पाहिले. मौलाना आझादांच्या पत्नी १९४३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यास वारल्या. त्यांना अखेरचे पाहण्यासाठी सरकारकडे अर्ज करणे मौलानांनी नाकारले होते.

आता अलीकडचे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसे मारली. त्यांत सहा महाराष्ट्रातील होती. त्या अमानुषतेस उत्तर देणे सरकारचे कर्तव्य होते आणि ७ मे रोजी ते दिले गेले. परंतु त्या चार दिवसांत शहराशहरांतील दिवाणखान्यांतून जी भाषा ऐकू आली, ती आठवून आजही आमची मान खाली जाते. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर शहरे काबीज होत होती आणि चहाचे कप रिते होत होते. पूँछमध्ये तोफगोळ्यांखाली मुले मरत होती, ती मात्र बातमीच्या तळाशी. १० मे रोजी दोन्ही सेनांच्या अधिकाऱ्यांत दूरध्वनीवर बोलणे होऊन गोळीबार थांबला, तेव्हा कित्येकांस चक्क निराशा वाटली! ज्यांचे मुलगे सीमेवर होते त्या घरांतील माणसांस निराशा वाटली नसावी. आमच्या जिल्ह्यात अशी घरे थोडी नाहीत.

शांततेची आशा भाबडी आहे, असे म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारतो की, फेब्रुवारी २०२१ मध्ये नियंत्रणरेषेवर शस्त्रसंधी पाळण्याचे पुन्हा ठरले, त्याचा परिणाम काय झाला? सीमेलगतच्या शेतकऱ्यांना कित्येक हंगाम रेषेलगतच्या शेतांत नांगर घालता आला. १९६० चा सिंधू पाणी करार तीन युद्धांतून टिकला. २०२५ साली तो भारताने स्थगित केला, याची कारणे आम्ही समजू शकतो, पण जे साठाहून अधिक वर्षे चालले ते चालूच शकत नव्हते, असे कोणी म्हणू नये. शांतता ही तहाच्या एका कागदाने येत नाही. ती अशा लहानसहान, कंटाळवाण्या, वर्तमानपत्रांस मथळा न देणाऱ्या व्यवस्थांनी राखली जाते, आणि त्या मोडण्यास एक संध्याकाळ पुरते.

आज शहरात मिरवणुका निघतील, भाषणे होतील. त्याबरोबर आमची एक सूचना आहे. ज्या गावांत महायुद्धाच्या त्या निनावी शिळा उभ्या आहेत, तेथील ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी जुन्या माणसांकडून व घराघरांतील कागदपत्रांवरून गेलेल्यांची नावे जमवावीत. १९४५, १९६२, १९६५, १९७१ आणि कारगिलपर्यंतची नावे त्यांत घालावीत, आणि मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत, ती त्या शिळेशेजारी कोरावीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने या कामी शाळांना साहाय्य करावे. प्रत्येक नावापुढे मागे कोण राहिले तेही लिहावे : आई, पत्नी, किती मुले. ध्वजदिन निधीच्या पेटीत नाणे टाकून पुढे निघणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या ओळी वाचण्यासाठी क्षणभर थांबावे लागेल. ज्या गावास हे करावयाचे असेल, त्याने जुनी माणसे आहेत तोवर, या हिवाळ्यातच आरंभ करावा.