वारली शिकवायची तर आधी तांदूळ भिजवा

बेंगळुरूतल्या मराठी आईबाबांनो आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, सुट्टीत प्राथमिकच्या मुलांसाठी वारलीची कार्यशाळा ठेवणार असाल, तर छापील नमुने आणि पोस्टर कलरच्या बाटल्या बाजूला ठेवा. दोन त्रिकोण, वर गोल डोकं, झाला माणूस! तासाभरात मूल पेनस्टँड रंगवून घरी येतं. डहाणू-तलासरीकडचे वारली कोण, ते भिंत कधी आणि कशासाठी रंगवतात, याचा त्याला पत्ताही नसतो.

वारली घरात चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहितात तो लग्नासाठी. कुडाच्या भिंतीवर शेणाचा, गेरूचा हात फिरवायचा आणि तांदळाच्या पिठात टोक ठेचलेली काडी बुडवून पालघट देवीचा चौक लिहायचा. हे काम सवाशिणींचं. लग्न लावणारी धवलेरी, तीही बाईच. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी पाड्यांवर पोचले, चित्रं कागदावर आली आणि पुरुषही काढू लागले. जिव्या सोमा म्हसे त्यांतलेच. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं मुलांना गोष्टीसारखं सांगा, पण हात चालू असताना. नुसतं भाषण दिलंत तर दहाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होईल.

तांदूळ आदल्या रात्री भिजवा, सकाळी मुलांनाच वाटू द्या, थोडा डिंक घाला. पीठ पातळ झालं तर ओघळतं, घट्ट झालं तर काडीला चिकटून बसतं. ओली असताना रेघ धड दिसत नाही. वाळली की पांढरीशुभ्र उमटते. पोरं आधी कुरकुरतात, मग रेघेवर फुंकर मारत बसतात. ओटा खराब होईल, होऊ द्या.

काय काढायचं, हेही ज्यांची कला त्यांनाच विचारा. ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या इथे १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने आदिवासी वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचं चित्र काढलं. त्यांची ठिपक्यांची चित्रं पुढे जगभर गेली. पण सुरुवातीच्या काही चित्रांत सगळ्यांनी पाहू नयेत अशा पवित्र गोष्टी उतरल्या आणि समाजातूनच नाराजी उमटली. चौकही देवीचाच, म्हणून मला विचाराल तर कपबशीखालच्या चकतीवर तो नको. शेत, तारपा वाजवणारा, मासेमारी, ताडाचं झाड, विषय भरपूर आहेत.

राहता ना कर्नाटकात? मग मुलांना इथली हसे चित्तारही दाखवा. शिवमोगा जिल्ह्यातल्या दीवरू बायका लग्नाच्या भिंतीवर लाल मातीत तांदळाच्या पिठानेच रेघा ओढतात. दीवरू आदिवासी नव्हेत, पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवलीत की साम्य मुलंच शोधतील. जानेवारीत कुमारकृपा रस्त्यावर चित्रसंते, म्हणजे चित्रांची जत्रा, भरते, प्रवेश फुकट असतो. तिथे लोककलावंत भेटतात.

शिकवायला शक्यतो वारली कलावंतालाच बोलवा, बाईमाणूस मिळाली तर उत्तमच. मानधन आधी ठरवा. 'प्रसिद्धी मिळेल' हे मानधन नव्हे. आषाढात भातलावणी आणि दिवाळीच्या आसपास कापणी असते, तेव्हा गळ घालू नका. मुंबईहून उद्यान एक्सप्रेसचं जायचं-यायचं तिकीट मंडळाने काढावं, सोबत येणाऱ्या माणसाचंही.