ताण-व्यवस्थापनाचा जिओटॅग फोटो

प्राध्यापकांसाठी कल्याणकारी सोयी कोणत्या, असा प्रश्न महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सहाव्या निकषात आहे. उत्तरादाखल ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा भरते. मग तिचं परिपत्रक, हजेरीपट, जिओटॅग केलेले फोटो, अहवाल, त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का. हे सगळं स्कॅन करून रात्री अपलोड करत बसतो तो प्राध्यापकच.

दिल्ली विद्यापीठात तर याची कमाल झाली. नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालाला पाच वर्षांची माहिती लागते आणि तिथली महाविद्यालयं वर्षानुवर्षं चालली अ‍ॅडहॉक शिक्षकांवर. चार महिन्यांचं पत्र, एका दिवसाचा खंड, पुन्हा पत्र. पुढच्या सत्राची शाश्वती नसलेल्या माणसाला फायलींचं काम नाकारण्याची सोय कुठून असणार? २०१८ मध्ये विद्यापीठाला ३.२८ गुणांसह ‘ए प्लस’ श्रेणी मिळाली. २०२२ पासून कायम भरती सुरू झाली, तेव्हा या अ‍ॅडहॉक शिक्षकांतल्या अनेकांना घरी जावं लागलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली: शक्तिक्षय, कामाबद्दल तुटलेपणा किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. पहिलं सुट्टीने थोडंफार भरून येतं, दुसऱ्याचं काय? ते वाढवणाऱ्या घटना तर नॅकमध्येच घडल्या. नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी मूल्यांकनातल्या गैरप्रकारांकडे बोट दाखवून मार्च २०२३ मध्ये पद सोडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीच्या सदस्यांना अटक केली. त्यात जेएनयूचे एक प्राध्यापकही होते. खटल्याचं व्हायचं ते होईल. पण इमानेइतबारे पुरावे जुळवणाऱ्याने ही बातमी वाचून दुसऱ्या दिवशी कोणत्या उत्साहाने स्कॅनर सुरू करावा?

ताण-व्यवस्थापनाच्या कार्यशाळा आणि योगासनांचे वर्ग आता पुरे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास थेट अध्यापन आहे; नॅकची कागदपत्रं सांभाळणाऱ्या आयक्यूएसी या गुणवत्ता कक्षाचं काम त्यावर वरकड पडतं. या कक्षाच्या समन्वयकाच्या तासिका लेखी आदेशाने कमी करणं प्राचार्यांना अवघड जाईल, कारण त्या घ्यायला माणूस लागतो आणि माणसाला पगार. तरीही सुरुवात तिथूनच व्हायला हवी. नॅकचं मूल्यांकन, एनआयआरएफची क्रमवारी आणि एआयएसएचईचं सर्वेक्षण यांना बरीचशी तीच माहिती तीन वेगळ्या साच्यांत द्यावी लागते. मूल्यांकन पद्धतीच्या सुधारणेसाठी नेमलेल्या राधाकृष्णन समितीने सर्वांसाठी एकच माहिती-मंच सुचवला होता. तो प्रत्यक्षात वापरता येईपर्यंत निदान महाविद्यालयाने हे आकडे आपल्या प्राध्यापकांकडून वर्षातून एकदाच मागावेत.