भूगर्भांतील तेल आणि खानदेशचा वांटा

खानदेशांत खनिज तेलाची विहीर नाहीं, आणि उद्यां लागेल असें भविष्य वर्तविण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. तथापि तापीच्या खोऱ्यांतील काळ्या पाषाणाच्या थराखालीं प्राचीन गाळाचे खडक असावेत असें भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. आणि १९९९ सालीं अमलांत आलेल्या परवाना-धोरणाखालीं मध्यवर्ती सरकारनें उत्तर महाराष्ट्रांतील कांहीं क्षेत्रें शोधासाठीं देऊंही केलीं होतीं. विक्रीजोगें तेल तेथून निघालें नाहीं. मग या चर्चेचें प्रयोजन काय, असें जळगांवच्या पेठेंतील एखादा व्यापारी विचारील. आमचें उत्तर असें कीं, वांटणीचा कागद पीक येण्यापूर्वीं करावा. रास खळ्यावर पडल्यावर भावाभावांत तंटे लागतात.

परवान्यापासून सरकारास क्षेत्राची फी मिळते, तेल निघाल्यास स्वामित्वधन मिळतें, आणि २०१६ च्या धोरणापासून कंपनीच्या उत्पन्नांत हिस्साही मिळतो. पूर्वीं कंपनीचा खर्च वळता झाल्यावर नफ्यांत सरकारचा वांटा असे. म्हणजे खर्चाचा आंकडा फुगला कीं सरकारचा वांटा आटे. ज्यानें भागीदारींत दुकान चालविलें आहे त्यास ही युक्ति समजावून सांगण्याची गरज नाहीं. नवी पद्धति म्हणूनच आम्हांस बरी वाटते. या धोरणानें जमिनीवरील तेलावर शेंकडा १२.५ व उथळ समुद्रांत शेंकडा ७.५ स्वामित्वधन ठरविलें. खोल समुद्रांत पहिलीं ७ वर्षें तें मुळींच नाहीं.

परंतु दर किती याहून पैसा कोणाच्या पेटींत पडतो हा प्रश्न मोठा आहे. जमिनीवरील तेलाचें स्वामित्वधन राज्यास मिळतें. समुद्रतळींची संपत्ति घटनेच्या २९७ व्या कलमानें मध्यवर्ती सरकारची. १९७४ सालीं सांपडलेलें मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटरवर आहे. १९७६ पासून तेथें तेल निघतें, उरणच्या जमिनीवर कारखाना उभा राहिला, नांव मुंबईचें. स्वामित्वधन मात्र दिल्लीचें. गुजराथेचें दैव निराळें. १९५८ सालीं खंबायतेजवळ लुणेज येथें तेल लागलें तेव्हां गुजराथ व खानदेश एकाच मुंबई राज्यांत होते. १९६० च्या मे महिन्यांत राज्यें विभक्त झालीं, आणि त्याच वर्षीं अंकलेश्वरचें क्षेत्र गवसलें. सुरत-भुसावळ लोहमार्गानें नंदुरबारहून थोड्याच तासांवर असलेल्या त्या प्रांताच्या खजिन्यांत तेलाचें स्वामित्वधन पडूं लागलें. महाराष्ट्र सरकार तेलावर पैसा मिळवितें तो ग्राहकाकडून, विक्रीकराच्या रूपानें. २०१५ सालीं दुष्काळाच्या नांवानें लिटरमागें २ रुपयांचा अधिभार बसला, तो धुळ्याच्या मालमोटारवाल्यानेंही भरलाच.

आतां समजा, शिंदखेडे किंवा अमळनेर तालुक्यांत तेल लागलें. परवाना राज्य सरकार मध्यवर्ती सरकारच्या पूर्वसंमतीनें देईल व स्वामित्वधन राज्याच्या सर्वसाधारण खजिन्यांत जाईल. ज्याच्या शेतांतून नळ जाईल व ज्याच्या विहिरीच्या पाण्यास धोका पोंचेल, त्या गांवास काय? कोळशाच्या खाणी असलेल्या चंद्रपुरास २०१५ च्या दुरुस्तीनें जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा आधार मिळाला. जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या शेंकडा ३० व लिलावाच्या पट्ट्यांवर शेंकडा १० इतकी जादा रक्कम बाधित भागासाठीं जमा होते. खनिज तेल मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तेलक्षेत्रांचा १९४८ चा कायदा २०२५ सालीं दुरुस्त झाला, त्यांत भांडवलवाल्यांस स्थिर अटी व तंट्यांसाठीं लवाद मिळाला. त्यास आमचा विरोध नाहीं, भांडवलावांचून बारा वाटांनीं खडक फोडणार कोण? पण जमीनधारकाचा विचार तितक्याच आस्थेनें व्हावयास हवा होता.

खानदेशांतून लोकसभेंत व विधानसभेंत गेलेल्या सभासदांनीं पुढील अधिवेशनांतच मागणी करावी: जमिनीवरील तेलाच्या स्वामित्वधनाचा ठराविक अंश कायद्यानें जिल्ह्यासाठीं राखावा, शोधाचें काम सुरू होण्यापूर्वीं आसपासच्या विहिरींचें पाणी तपासून त्याची नोंद ठेवावी, आणि फी, स्वामित्वधन व खर्च यांचा वार्षिक हिशेब मराठींत छापून तालुक्याच्या कचेरींत लावावा.