चंद्र दिसल्यावर ठरणारा प्रवास

रमजानचा शेवटचा आठवडा आला की देवळाली प्रवरेतल्या मुस्लिम घरांत इफ्तारनंतर दोनच विषय निघतात. शिरखुर्म्याला सुकामेवा किती आणायचा आणि ईदला कोण कधी येणार. पुण्यात नोकरी करणारा मुलगा फोनवर विचारतो, ईद सोमवारी की मंगळवारी? घरचे सांगतात, चंद्र दिसला की कळवतो. महिना एकोणतीस दिवसांचा की तीस, हे एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी ठरते. रेल्वेचे आरक्षण मात्र साठ दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४पूर्वी ते एकशेवीस दिवस आधी उघडत असे. त्यात देवळालीकरांच्या नशिबी आणखी एक गंमत आहे. तिकीट काढताना नुसते देवळाली म्हटले तर गाडी नाशिकजवळ उतरवते. श्रीरामपूरला उतरायचे म्हटले तर तिथल्या स्टेशनचे नाव बेलापूर, आणि दुसरे बेलापूर नव्या मुंबईत!

तारीख ठाऊक नसताना बेत आखायची सवय या घरांना अशी जुनीच आहे. ‘इन्शाअल्लाह’ या शब्दाचा अर्थ पुष्कळजण ‘बघू’ असा घेतात. अर्थ तसा नाही. आपल्या बाजूची तयारी पूर्ण झाली, पुढचे अल्लाहच्या मर्जीवर, एवढे त्यात अभिप्रेत आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे.

हे आज सांगायचे कारण असे की ईद आणि उन्हाळ्याच्या सुटीचे बेत आखताना हल्ली घरोघरी एक वाक्य ऐकू येते : सगळे सुरळीत झाले की जाऊ. हज आणि उमऱ्याच्या बाबतीत तर हे वाक्य वर्षानुवर्षे चालते. आधी घराचा स्लॅब, मग मुलीचे लग्न, मग हज. हज फर्ज आहे तो ऐपत आणि प्रकृती दोन्ही असणाऱ्यावर. अडचण अशी की पैसा हाताशी येतो तेव्हा गुडघे गेलेले असतात.

वाट पाहण्याची किंमत २०२० ते २०२२ या तीन वर्षांत दिसली. २७ फेब्रुवारी २०२० रोजी सौदी अरेबियाने बाहेरून येणाऱ्यांसाठी उमरा थांबवला. २५ एप्रिलला रमजान सुरू झाला तेव्हा टाळेबंदी होती. तरावीहची नमाज घरात, ईदची नमाजही घरात. जूनमध्ये भारतातून कोणीच हजला जाणार नाही असे ठरले, आणि हज समितीने भरलेले पैसे परत केले. त्याच उन्हाळ्यात तासाभराच्या अंतरावरच्या शिर्डीत साईमंदिराचे दरवाजे बंद होते. ते १६ नोव्हेंबरला उघडले. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी बसून राहिले. आयुष्यभर न चुकलेली वारी चुकल्याचे दुःख आणि बॅग भरून ठेवलेल्या हाजीचे दुःख यांत फरक करता येणार नाही.

२०२१ साली फक्त सौदीत राहणाऱ्या साठ हजार जणांना हज करता आला. २०२२ साली बाहेरच्यांसाठी दार उघडले, पण पासष्ट वर्षांखालील लोकांनाच. म्हणजे ज्यांनी सर्वांत जास्त वाट पाहिली त्यांनाच उंबऱ्यावर थांबवले. पुढच्या वर्षी ती अट गेली. तोवर कितीतरी घरांतली एक खुर्ची रिकामी झाली होती.

म्हणून काय उठावे आणि मिळेल त्या एजंटाच्या हाती रोख रक्कम ठेवावी? तेही नव्हे. रमजानमधल्या उमऱ्याचे पुण्य हजच्या बरोबरीचे मानतात, त्यामुळे शेवटच्या दहा दिवसांत मक्केतल्या खोल्यांचे भाडे आभाळाला भिडते. वयस्कर माणसाला त्या गर्दीत नेण्याचा हट्ट कशासाठी? गर्दी कमी असलेल्या महिन्यात तोच उमरा निम्म्या दगदगीत होतो. आणि २०२५ सालचा हज विसरू नये. भारताचा कोटा १,७५,०२५ होता. त्यातल्या १,२२,५१८ जागा हज समितीकडे होत्या, त्यांची व्यवस्था वेळेत झाली. खासगी टूरवाल्यांच्या वाट्याच्या सुमारे बावन्न हजार जागांचे करार मुदतीत पूर्ण झाले नाहीत. शेवटी दहा हजारांपुरती वाट मोकळी झाली, बाकीचे घरीच राहिले. पैसे भरताना पावती मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, असे गावाकडे अजून वाटते. कुरआनात तर उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा स्पष्ट आदेश आहे. सफर रद्द झाली तर किती रक्कम, किती दिवसांत परत मिळेल, हे कागदावर हवे.

आणि न आलेल्या पैशावर बेत नको. राहुरी तालुक्यात हे कोणाला समजावून सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली ती ४ मे २०२४ रोजी खुली झाली. त्या वर्षीचा अख्खा रमजान, ईद आणि गुढीपाडवा बंदीतच गेला. कांद्याच्या पट्टीवर ज्यांनी अष्टविनायक ठरवले होते त्यांचे आणि ज्यांनी अजमेर ठरवले होते त्यांचे गणित एकाच बाजार समितीत चुकले. कर्ज काढून हज करावा असे धर्म सांगत नाही. कर्ज काढून सहल करावी असे तर कोणीच सांगत नाही, तरी हप्त्यांवरच्या सहली जोरात आहेत.

घरातला क्रम मात्र बदलायला हवा. चाळिशीतल्या मुलाला दुबई पुढच्या वर्षीही दिसेल. सत्तरीच्या आईचा पासपोर्ट अजून निघालेला नसेल तर आधार कार्डावरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळवण्यातच दोन महिने जातात. पोलीस पडताळणी वेगळी. ही कामे रोजा ठेवूनही होतात, आणि त्यांना चंद्र दिसण्याची वाट पाहावी लागत नाही.