कॅपचं वय विचारू नका, कड तपासा

पुण्यात किंवा कोल्हापुरात असताना बसवलेली दाताची कॅप तोंडात घेऊनच आपल्यातले अनेकजण नोकरीसाठी बेंगळुरूला आले. दहा-बारा वर्षं तिची आठवणही झाली नाही. मग दात साफ करायला घराजवळच्या दवाखान्यात जावं आणि डॉक्टरांनी म्हणावं, ‘ही कॅप जुनी झालीय, बदलून टाका.’ दुखत तर काहीच नाही, खर्च मात्र हजारांत. आता काय करायचं?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. औषधाच्या पाकिटावर असते तशी कॅपवर मुदतीची तारीख नसते. साधारण 10 ते 15 वर्षं धरून चाला असं सांगतात, पण नीट निगा राखली तर कित्येक कॅप त्याहून जास्त टिकतात. त्यामुळे केवळ वय झालं म्हणून कॅप बदलायची गरज नसते.

कॅपला स्वतःला कीड लागत नाही. कीड लागते ती कॅपची कड दाताला जिथे मिळते, त्या हिरडीजवळच्या सांध्यात. तिथला सिमेंटचा थर झिजला की फट पडते आणि अन्नाचे कण आत शिरतात. रूट कॅनाल झालेल्या दातातली नस काढलेली असते, म्हणून आत कीड वाढली तरी ठणका लागत नाही. ‘दुखत नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही ते यामुळेच.

मग लक्ष कशाकडे ठेवायचं? कॅप हलते का, त्याच जागी रोज अन्न अडकतं का, घाण वास येतो का, हिरडी सुजते किंवा तिथून रक्त येतं का, कॅपचा टवका उडालाय का, चावताना दुखतं का. यातलं काहीही असेल तर लगेच दाखवा. आत धातू असलेल्या जुन्या कॅपच्या कडेला काळी रेघ दिसते, ती बहुतेकदा धातूची कड असते. समोरचा दात असेल तर ती खटकते, पण ती रेघ म्हणजे कीडच असं नाही.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. फट किंवा कीड नेमकी कुठे आहे, एक्स-रेवर दाखवाल का? कॅप काढल्यावर खाली पुरेसा दात उरेल का? सहा महिने थांबून पुन्हा एक्स-रे काढला तर चालेल का? जुन्या डॉक्टरांकडून आधीचा एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर मागवता आला तर फारच उत्तम. दोन्ही शेजारी ठेवले की बदल कळायला मदत होते.

घाई नको, कारण जुनी कॅप बहुधा कापूनच काढावी लागते आणि त्यात खालचा दातही थोडा झिजू शकतो. पण कीड दिसल्यावर चालढकलही नको. ती हिरडीखाली खोल गेली तर नवी कॅप धरायला दातच उरत नाही. मग दात काढणं आणि इम्प्लांट, म्हणजे खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

मन साशंक असेल तर दुसरं मत घ्या. बेंगळुरूत फोर्ट भागात, व्हिक्टोरिया हॉस्पिटलजवळ, 1958 साली सुरू झालेलं सरकारी दंत महाविद्यालय आहे. के. आर. मार्केट मेट्रो स्टेशनही जवळच. रांगेची तयारी ठेवून सकाळी लवकर जा.

आणि कॅप अचानक निघालीच तर ती डबीत जपून ठेवा. फेव्हिक्विकने चिकटवू नका. दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे जा. दात शाबूत असेल तर तीच कॅप पुन्हा बसू शकते.

घरातल्या आजी-आजोबांनाही आज विचारा, कॅपच्या बाजूने नीट चावता येतं का? पुष्कळदा ते कुणाला न सांगता दुसऱ्या बाजूने जेवायला लागलेले असतात.