फरशीची चमक आणि घरच्यांची चाल

उर्दूत 'फर्श' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पायाखालची जमीन आणि दुसरा तिच्यावर अंथरलेली सतरंजी किंवा गालिचा. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाल्यामुळे मराठीतला 'फरशी' हा शब्द कानावर पडला की दोन्ही अर्थ एकदम मनात येतात. आपल्या घरांत दस्तरखान आजही खाली अंथरले जाते, पाहुणा लोडाला टेकून खालीच बसतो, नमाज खालीच होते आणि वजू करून माणसे ओल्या पायांनी मोरीतून खोलीत येतात. इतका संबंध असूनही दुकानात फरशी घेताना यातली एकही गोष्ट बोलली जात नाही. तिथे बोलणे होते ते फक्त चमकेचे.

आम्ही सोलापूरचे, धंदा टॉवेल-चादरींचा. फरशीचा व्यापार आमचा नाही, तेव्हा आम्ही या विषयावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण माल पारखण्यात आयुष्य गेले असूनही स्वतःच्या घराची फरशी घेताना आम्ही चुकलो. कोणी फसवले नाही, आमचे आम्हीच फसलो. ते कसे, हे व्यापारी आणि कारागीर बांधवांना सांगावेसे वाटते.

सोलापूरला शहाबादी फरशीचे अप्रूप नाही. शहाबाद आमच्यापासून फार लांब नाही, गुलबर्गा म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यात, मुंबई-मद्रास रेल्वेच्या वाटेवरच. तिथला राखाडी चुनखडीचा दगड थराथराने सुटतो, त्यामुळे त्याचे तोंड कुदरतीच थोडे खरखरीत असते. आमच्या वडिलांनी घर बांधले तेव्हा पुढच्या बैठकीपासून मागच्या मोरीपर्यंत हीच फरशी घातली. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी तिच्यावर नुसते उघडे पडले तरी पाठीला गारवा लागायचा. दिसायला मात्र ती साधी. 2018 साली मुलाचे लग्न ठरले आणि घरात सर्वांचे एकमत झाले, की सोयरे येणार, तर बैठकीत आणि मधल्या वाटेत दोन बाय दोनची चकाकती व्हिट्रिफाइड फरशी पाहिजे. आम्हीही नाही म्हटले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाच हौस जास्त होती.

लग्न झाले, लोकांनी वाहवा केली. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी भिंतीला रंग देणारा माणूस आला. त्याने विचारले, "शेठ, या भिंतीवर एवढा डाग कशाचा?" मोरीपासून बैठकीपर्यंत, साधारण खांद्याच्या उंचीवर, भिंतीवर तेलकट काळपट पट्टा उमटला होता. तो आमच्या अम्मींच्या हाताचा होता. त्या कधी पडल्या नाहीत, कधी तक्रार केली नाही. फक्त भिंत धरून चालायला लागल्या होत्या. पुढे तर त्यांनी बैठकीत येणेच सोडले. मागच्या खोलीत जुनी शहाबादी तशीच राहिली होती, तिथे त्यांनी आपली चटई नेली. कोणी भेटायला आले की "गुडघे दुखतात" म्हणत. ज्या बैठकीत पन्नास वर्षे त्यांनी पाहुण्यांची विचारपूस केली, तिथे आता त्यांचा आवाज नव्हता, आणि आम्ही मात्र लोकांना फरशीचा भाव सांगत होतो.

कपड्याच्या धंद्यात एक साधी रीत आहे. टॉवेल गिऱ्हाइकाला कोरा दाखवायचा असतो, पण व्यापाऱ्याने घेताना तो धुऊन पाहायचा असतो. कोऱ्या मालावर खळ असते, तिने पोत कळत नाही. धुतल्यावर रंग राहतो का, पाणी शोषतो का, आटतो किती, हे पाहूनच आम्ही शंभर डझनांचा सौदा करतो. फरशीच्या दुकानात आम्ही हे विसरलो. तिथे फरशी कोरडी, उभी ठेवलेली आणि वर दिव्यांचा झोत. उभ्या फरशीवर कोण चालणार? आमचे म्हणणे असे, की पसंत पडलेली फरशी जमिनीवर आडवी ठेवून घ्यावी, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतावे, चप्पल काढावी आणि ओल्या तळपायाने उभे राहून पाहावे. घरातली सर्वांत वयस्कर बाई दुकानात येऊ शकत असेल तर तिलाच उभे करावे, हात धरून. हा नमुना दाखवायला जो दुकानदार कां-कूं करील त्याच्याकडून माल घेऊ नये. आणि आपल्या वाचकांपैकी जे या धंद्यात आहेत त्यांनी दुकानात पाण्याचा तांब्या स्वतःहून ठेवावा. गिऱ्हाईक एकदा घटेल, पण पुढच्या वेळी भाऊबंद घेऊन येईल.

मोठ्या कंपन्यांच्या फरशीला घसरणीचा अंकही असतो. 'आर-9' पासून 'आर-13' पर्यंत. अंक जितका मोठा तितकी ती कमी घसरते. मोरी, संडास, ओटा आणि तिथून खोलीकडे येणारी वाट, इथे निदान 'आर-10' किंवा 'आर-11' ची, मॅट पोताची फरशी घ्यावी. बैठकीत चमक हवीच असेल तर ती कोरड्या भागात ठेवावी.

व्हिट्रिफाइड वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. सुमारे 1200 अंशांच्या आचेत भाजलेली ही फरशी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते, म्हणून तिच्यावर चहा, हळद, तेल यांचे डाग सहसा मुरत नाहीत. स्वयंपाकघराला हा मोठाच गुण आहे. पण हाच गुण मिस्त्रीला अडचणीचा ठरतो. जी फरशी पाणी पीत नाही, ती नुसत्या सिमेंटच्या घोळालाही नीट धरत नाही. खाली पोकळी राहते आणि पुढे त्या जागी जड वस्तू पडली की तडा जातो. तिला चिकटवण्याचा वेगळा मसाला येतो, तो दातेरी थापीने सर्व पाठीवर पसरावा लागतो. चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून फरशी दाबून बसवली तर ती बसत नाही, टेकते. काम घेताना नाण्याने प्रत्येक फरशी वाजवून पाहावी. पोकळ आवाज आला तर त्याच दिवशी उचलायला सांगावे, आठ दिवसांनी सांगून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट सांध्याची. फरशीला फरशी भिडवून, मधली रेघ दिसणार नाही असे काम करा, असा हट्ट गिऱ्हाईकच धरते. आम्हीही धरला होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात फरशी तापते, फुगते आणि जागा नसली की मधोमध तंबूसारखी उचलते. निदान दोन मिलिमीटरचा सांधा सोडलाच पाहिजे आणि भिंतीकडेला त्याहून थोडा अधिक, तो स्कर्टिंगखाली झाकला जातो. आमच्या मिस्त्रीने हे सांगितले होते. आम्ही ऐकले नाही, वर मजुरीत फुटामागे दोन रुपये कमी केले. फरशीचा भाव छापील म्हणून निमूट द्यायचा आणि मजुरीची मात्र घासाघीस करायची, ही आपल्या लोकांची खोड फार जुनी आहे. या कामात आपल्या समाजाचे कितीतरी कारागीर आहेत. त्यांनीही नवा मसाला, नवी थापी शिकून घ्यावी आणि काय करणार, किती सांधा सोडणार, हे कागदावर लिहून द्यावे. लिहून दिलेल्या कामाची मजुरी कोणी सहसा कापत नाही.

लॉटचे प्रकरण तर कपड्यासारखेच आहे. एकाच रंगाचे दोन ताके वेगवेगळ्या वेळी रंगवले तर उजेडात फरक दिसतोच. फरशीच्या पेटीवर शेड आणि साइज यांचे छापील आकडे असतात, ते सर्व पेट्यांवर एकच आहेत ना, हे माल उतरवतानाच पाहावे. बारा बाय दहाच्या खोलीला 120 चौरस फूट माल लागतो. दोन बाय दोनच्या पेटीत बहुधा चार नग, म्हणजे सुमारे साडेपंधरा चौरस फूट भरतात. हिशेबाने आठ पेट्या होतात, पण तोडफोड धरून नऊ घ्याव्यात. उरलेले नग पलंगाखाली उभे करून ठेवावेत. दोन वर्षांनी तोच लॉट बाजारात मिळणार नाही, आणि बिल पक्के नसेल तर भांडायलाही जागा नाही.

आता निगा. सर्वांत जास्त नुकसान ॲसिडने होते. सोलापुरात बोअरचे पाणी जड, त्याचे पांढरे क्षार फरशीवर बसतात आणि घरोघरी ॲसिडची बाटली निघते. शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर या सगळ्यांत चुन्याचा अंश आहे. त्यांवर ॲसिड पडले की फेस येतो, तो मळ निघत नसतो, दगड जात असतो. मोझॅकमध्येही सिमेंट आणि संगमरवराची खडी असते, तिचीही हीच गत. लिंबू सांडले तरी संगमरवरावर निस्तेज ठिपका पडतो. व्हिट्रिफाइडला ॲसिड फारसे लागत नाही, पण सांध्यातले सिमेंट खाऊन टाकते. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर चुकूनही एकत्र करू नये, त्यातून क्लोरिनचा विषारी वायू सुटतो.

रोजच्या कामाला साधे पाणी पुरते. पुसण्याआधी झाडणे मात्र हवेच, कारण फरशीला ओरखडे पाडते ती वाळू. दाराशी काथ्याचे जाड पायपुसणे ठेवले तर निम्मे काम झाले. साबण किंवा फिनेल जास्त झाले तर त्याचा पातळ थर राहतो आणि बरी फरशीही घसरते. फडके म्हणाल तर जुन्या सुती टॉवेलासारखे दुसरे नाही. यात आमचा धंद्याचा स्वार्थ आहे असे कोणी म्हटले तर आम्ही नाकारणार नाही, सेकंड मालाचे टॉवेल आमच्याकडे पडलेले असतातच. शहाबादी, कोटा आणि मोझॅक यांची एक मोठी सोय अशी, की वीस वर्षांनी मळकट झाल्या तरी मशीनने घासून त्यांचे तोंड पुन्हा नवे करता येते. व्हिट्रिफाइडची चमक एकदा गेली की गेली.

गेल्या थंडीत आम्ही मधल्या वाटेची चकाकती फरशी काढली. काढताना बहुतेक फुटलीच. 2018 साली उखडलेल्या शहाबादीपैकी काही नग परसात भिंतीला टेकवून ठेवले होते, त्यांच्या कडा कापून घेतल्या आणि मोरीपासून बैठकीच्या उंबऱ्यापर्यंत त्याच घातल्या, बिनपॉलिशच्या. अम्मी काम पाहायला भिंत न धरता आल्या. त्यांनी एकेक फरशी ओळखली, चूल होती त्या जागेची काळी पडलेली सुद्धा. मग विचारले, "बाकीच्या कुठे गेल्या?" बाकीच्या लग्नाच्या घाईत राबिटाबरोबर ट्रॅक्टरने गेल्या होत्या.