सुप्याचं देणं

जोयडा आज तालुक्याचं ठाणं आहे ते सुपा पाण्याखाली गेलं म्हणून. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं ते भरलं गाव. गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण बांधलं गेलं, १९८०च्या दशकात पाणी अडलं. घरं, देवळं, काठची भातशेती सगळं बुडालं आणि अनेक कुटुंबं रामनगरला जाऊन वसली. पुनर्वसनात घराला घर मिळतं; पण गाळाचं शेत, नदीतली मासळी, रानातले कंद आणि पिढ्यांचा शेजार कोणत्या पंचनाम्यात लिहितात? खाली नदी वाहते तीही आता वीजघराच्या वेळापत्रकाने: जनित्रं फिरली की पाणी वाढतं, तेव्हाच पर्यटकांच्या राफ्टिंगच्या होड्या सुटतात. विजेची गरज कुणी नाकारत नाही. पण सुप्यानंतर याच काळीवर कोडसळ्ळी आणि कद्रा ही धरणंही झाली, आणि आता तिचं पाणी दूरच्या गावांना नेण्याच्या योजना निघतात. नव्या योजनेवर सही करण्याआधी सरकारने रामनगरच्या विस्थापितांचं जुनं देणं चुकतं करावं. आधी ते, मग पुढचं.